जन्मावर लिहिलेला गुन्हा : पोहरादेवीच्या यात्रेपासून १८७१च्या कायद्यापर्यंत

१/
दरवर्षी रामनवमीला वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात पोहरादेवी येथे बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते. संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला महाराष्ट्राबरोबरच तेलंगणा, आंध्र आणि कर्नाटकातूनही भाविक येतात. बोली एकच, गोरबोली. श्रद्धास्थान एकच. सरकारी कागदावर मात्र ही माणसे एक नाहीत. तेलंगणातून आलेला बंजारा अनुसूचित जमातीचा, कर्नाटकातून आलेला अनुसूचित जातीचा आणि ज्याच्या जिल्ह्यात ही यात्रा भरते तो वाशीमचा बंजारा ‘विमुक्त जाती’चा.
आजचा थ्रेड या ‘विमुक्त’ शब्दाविषयी आहे. विमुक्त म्हणजे नेमके कशातून मुक्त?

२/
थोडक्यात उत्तर : एका यादीतून. इंग्रज सरकारने १८७१मध्ये ‘गुन्हेगार जमाती कायदा’ केला. त्या कायद्याखाली देशभरात ज्या समूहांवर ‘जन्मजात गुन्हेगार’ हा शिक्का बसला, ते ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्यातून मोकळे झाले. म्हणून ते विमुक्त.
परंतु थोडक्यात दिलेले उत्तर येथे पुरेसे नाही. गुन्हा रक्तातून वाहतो ही समजूत कायदा कशी झाली? ती कोणत्या राजकीय विचाराच्या आधाराने उभी राहिली? आणि कायदा रद्द झाल्यावरही ती का उरली? वांशिक पूर्वग्रह आणि रूढिवादी राजकारण एकत्र आले की सार्वजनिक धोरणाचे काय होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण आपल्याच इतिहासात असताना ते दूर शोधण्याची गरज नाही.

३/
आधी एक खुलासा. ‘रूढिवादी’ हा शब्द मी येथे आजच्या कोणत्याही पक्षाला उद्देशून वापरत नाही. समाजाची उतरंड निसर्गसिद्ध आहे, माणसाचे स्थान जन्माने ठरते आणि राज्यसंस्थेचे काम ती उतरंड बदलणे नसून तिची राखण करणे आहे, असे मानणारी जी राजकीय वृत्ती, ती मला अभिप्रेत आहे. ही वृत्ती कोणत्याही काळात, कोणत्याही झेंड्याखाली आढळू शकते. १८५७नंतरच्या हिंदुस्थानात ती सरकारी धोरणाच्या केंद्रस्थानी आली.

४/
प्रथम तांड्याकडे जाऊ. बंजारा हा मुळात मालवाहतूक करणारा समाज. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून शेकडो मैल नेणे, ही त्यांची ‘लदेणी’. रस्ते नव्हते, तेथे तांडा हाच रस्ता होता. मोगल फौजांना रसद पोचवली ती त्यांनी, मराठ्यांच्या फौजांनाही त्यांनीच. १८०३च्या युद्धात आर्थर वेलस्ली असई, अडगाव, गाविलगड असा दख्खन आणि वऱ्हाडातून लढत होता, तेव्हा त्याच्या सैन्याचे धान्यही बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून होते. त्याच्या पत्रव्यवहारात त्यांचा उल्लेख वारंवार येतो. 
ज्यांच्यावाचून साम्राज्य जेवू शकत नव्हते, ते पुढे त्याच साम्राज्याच्या दृष्टीने संशयित ठरले. मधल्या काळात घडले तरी काय?

५/
एक म्हणजे रेल्वे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७मध्ये वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचला. वऱ्हाडचा कापूस आगगाडीने मुंबईला जाऊ लागला आणि लदेणीचा धंदा पाहता पाहता बसला. दुसरे म्हणजे जंगल. १८६५ आणि १८७८च्या वन कायद्यांनी चराईच्या मोकळ्या रानावर सरकारी हक्क आला. बैलांचे कळप पोसायचे कोठे?
धंदा गेला, रान गेले आणि फिरणे तेवढे उरले. या काळात वाटमाऱ्या आणि दरोडे घडलेच नाहीत, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ते घडत होते. प्रश्न एवढाच की सरकारने त्यांचे कारण कोठे शोधले : उद्ध्वस्त झालेल्या व्यवसायात, की माणसाच्या रक्तात?

६/
येथे वऱ्हाडचे स्थान समजून घेतले पाहिजे. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. म्हणून नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’. वाशीम तेव्हा ‘बासीम’ या नावाने स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे होते. १९०५मध्ये तो जिल्हा मोडला आणि वाशीम अकोल्यात विलीन झाले. आजचा वाशीम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी.
नव्या मुलखावर राज्य करायचे तर तेथील माणसे ‘समजून’ घेतली पाहिजेत. १८७०मध्ये आल्फ्रेड लायल यांचे वऱ्हाडचे गॅझेटिअर निघाले. लायल वऱ्हाडात आयुक्त होते. पुढे जातिधर्मावरील निबंधांसाठी ते इंग्लंडातही नावाजले गेले. त्या निबंधांची बरीच सामग्री याच मातीतली आहे.

७/
आता एक तपशील, ज्याने मला हा थ्रेड लिहायला लावले.
जातिजमातींच्या अभ्यासकांना रसेल आणि हिरालाल यांचे मध्यप्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांचे काम (१९१६) ठाऊक असते. आजही त्याचा दाखला सर्रास दिला जातो. त्यातील बंजारांवरील लेख मुख्यतः ज्या टिपणावर आधारलेला आहे, त्याचे लेखक होते एन. एफ. कंबरलेज. ते टिपण १८६९च्या सुमारास लिहिले गेले आणि १८८२मध्ये पुन्हा छापले गेले, असे मानले जाते. हे कंबरलेज ना प्राध्यापक होते, ना भाषातज्ज्ञ. ते वऱ्हाडच्या पोलीस खात्यात होते.

८/
यातील अर्थ क्षणभर ध्यानात घेऊ या. एका समाजाचे पोटभेद, चालीरीती आणि समजुती यांचा वऱ्हाडातील पायाभूत अभ्यास पोलिसाच्या टेबलावर तयार झाला. पोलीस अधिकारी अभ्यासू असू शकतो. त्याच्या नोंदी अचूकही असू शकतात. पण तो ज्या प्रश्नापासून सुरुवात करतो तो प्रश्न ‘हे लोक कोण?’ एवढाच नसतो. ‘यांच्यावर नजर कशी ठेवायची?’ हाही असतो.
मुंबई इलाख्यात हीच परंपरा अधिक उघड दिसते. पोलीस खात्यातील मायकेल केनेडी यांनी १९०८मध्ये इलाख्यातील ‘गुन्हेगार वर्गां’वर एक जाडजूड पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात एकेका जमातीला एकेक प्रकरण आहे. पक्ष्यांच्या जातींची माहिती द्यावी तशी माणसांची.

९/
आता कायद्याकडे येऊ. १८७१चा कायदा झाला तेव्हा गव्हर्नर जनरलच्या मंडळात विधी सदस्य होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. कायद्याच्या समर्थनार्थ मांडलेला तर्क साधा होता : या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो. मग चोराचा मुलगा चोरच होणार. चोरी हा त्यांचा कुलधर्म, आणि तो ते शेवटचा वंशज उरेपर्यंत पाळणार.
या तर्काची बांधणी पाहा. जातिव्यवस्थेविषयीची आपलीच रूढ समजूत येथे उचलली आहे आणि तिला युरोपातील आनुवंशिकतेच्या कल्पनेची जोड दिली आहे. हा विचार संपूर्णतः आयात केलेला नव्हता. निम्मा माल स्थानिक होता. म्हणूनच तो येथे इतका सहज रुजला.

१०/
हे स्टीफन मोठे विलक्षण गृहस्थ. पक्षाने ते लिबरल. १८७३मध्ये त्यांनी डंडी येथून लिबरल उमेदवार म्हणून निवडणूक लढवली आणि ते पडले. पण त्याच वर्षी त्यांचे ‘लिबर्टी, इक्वॅलिटी, फ्रॅटर्निटी’ हे पुस्तक आले, जे जॉन स्टुअर्ट मिलच्या स्वातंत्र्यविचारावरील रूढिवादी टीकेचा मानदंड मानले जाते. समाज सक्तीच्या बळावर टिकतो, समता हे मृगजळ आहे, असा त्याचा सूर. या पुस्तकामागे हिंदुस्थानातील राज्यकारभाराचा अनुभव होता, हे स्टीफन स्वतः मान्य करत.
म्हणजे वसाहतीतला अनुभव इंग्लंडातील रूढिवादाला खाद्य पुरवत होता आणि तोच रूढिवाद वसाहतीत कायदे करत होता.

११/
यातील विसंगती याहून खोल आहे. १८७२चा भारतीय पुरावा कायदा याच स्टीफन यांनी घडवला. तो आपल्याकडे १ जुलै २०२४पर्यंत लागू होता. त्याच्या ५४व्या कलमाचे तत्त्व असे : फौजदारी खटल्यात आरोपीचे वाईट चारित्र्य हा, साधारणतः, पुरावा ठरत नाही. माणसाने हा गुन्हा केला की नाही, एवढेच पाहायचे.
काही महिन्यांच्या अंतराने झालेले हे दोन कायदे. एक म्हणतो, व्यक्तीची दुष्कीर्ती पुरावा नव्हे. दुसरा म्हणतो, समूहाची दुष्कीर्ती पुरेशी आहे, खटल्याचीही गरज नाही. या दोन्ही गोष्टी एकाच राजवटीला एकाच वेळी मान्य होऊ शकल्या, कारण पहिला कायदा ‘व्यक्तीं’साठी होता आणि दुसऱ्यात सापडलेल्यांना व्यक्ती म्हणून पाहिलेच गेले नव्हते.

१२/
तुलनेसाठी इंग्लंड पाहू. तेथेही सराईत गुन्हेगारांची भीती होतीच. त्यासाठी १८६९मध्ये एक आणि १८७१मध्ये दुसरा कायदा झाला. दोन्हींत नोंदवही होती, पोलिसांची देखरेख होती. पण नोंदवहीत नाव जाण्यासाठी आधी न्यायालयात दोषी ठरावे लागे.
हिंदुस्थानात त्याच वर्षी झालेल्या कायद्यात ही पायरीच गाळली गेली. येथे दोषी ठरण्याची गरज नव्हती, जन्म पुरेसा होता. भीती तीच, राज्यकर्तेही तेच. मध्ये फक्त वंशाची कल्पना आली आणि गुन्हेगार व्यक्तीच्या जागी गुन्हेगार जात उभी राहिली. पूर्वग्रह धोरणात नेमका कोठे शिरतो, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी तुलना क्वचितच सापडते.

१३/
कायद्याची यंत्रणा अशी. एखादी टोळी, जमात किंवा वर्ग सवयीने गुन्हे करतो असे सरकारला वाटले की अधिसूचना निघे. त्या अधिसूचनेच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देण्याची सोय नव्हती. मग नोंदवही, ठरलेल्या वेळी हजेरी, गाव सोडण्यासाठी परवाना. परवान्याशिवाय बाहेर सापडल्यास शिक्षा. गावाच्या प्रमुखावर आणि जमीनदारावर या लोकांची खबर देण्याची जबाबदारी. म्हणजे नजर केवळ गोऱ्या साहेबाची नव्हती, गावाचीही होती.
१८७१चा कायदा आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १८९७च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून वेगळे करून सुधारगृहात ठेवण्याची वाट मोकळी झाली. १९११च्या कायद्याने मुंबई, मद्रास यांसह इतर प्रांतांतही तो लागू करता येऊ लागला आणि बोटांचे ठसे घेण्याची तरतूद आली. १९२४मध्ये सर्व दुरुस्त्या एकत्र करून नवा कायदा झाला.

१४/
या दरम्यान ‘वंशशास्त्रा’चा जोर वाढला होता. १८७६मध्ये इटलीत लोंब्रोझोने जन्मजात गुन्हेगाराचा सिद्धान्त मांडला. लक्षात घ्या, आपल्याकडील कायदा त्याच्या पाच वर्षे आधीचा आहे. म्हणजे विज्ञानाने कायद्याला जन्म दिला नाही. आधी पूर्वग्रहाचा कायदा झाला, मग विज्ञानाची साक्ष मागवली गेली.
१९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाच्या मोजमापावरून जातींची सामाजिक प्रतिष्ठा सांगता येते, असा दावा केला होता. नाक जितके रुंद तितकी जात खालची. हेच रिस्ली पुढे गृहखात्याचे सचिव झाले आणि बंगालच्या फाळणीच्या योजनेत त्यांचा हात होता. मोजपट्टी आणि राजकारण एकाच हाती होते.

१५/
ज्यांना वाटते की हा विषय केवळ काही भटक्या जमातींचा आहे, त्यांनी १८८३चे इल्बर्ट विधेयक आठवावे. हिंदी न्यायाधीशांना मुफसलात युरोपियन आरोपींचे खटले चालवू द्यावेत, एवढाच त्याचा आशय. त्यावर गोऱ्यांनी रान उठवले. लंडनला परतलेल्या स्टीफन यांनी ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून विरोध केला. त्यांचे म्हणणे, हे राज्य संमतीवर नव्हे, विजयावर उभे आहे. त्याचा पाया हलवू नका. अखेर युरोपियन आरोपीला निम्मे पंच युरोपियन मागण्याचा हक्क देऊन विधेयक मवाळ केले गेले.
दोन्ही प्रसंग शेजारी ठेवा. पारध्याच्या मुलाला न्यायाधीशासमोर न नेताच दोषी धरता येते. इंग्रज मळेवाल्याला मात्र हिंदी न्यायाधीशासमोर नेणेही अपमानास्पद ठरते. पुराव्याआधी जन्म पाहायचा, हे तत्त्व दोहोंत समान आहे.

१६/
जगात इतरत्रही हेच दिसते. अमेरिकेत १८६५मध्ये गुलामगिरी संपली आणि १८६५-६६मध्ये दक्षिणेतील राज्यांनी ‘ब्लॅक कोड्स’ केले. काम नसलेल्या कृष्णवर्णीयाला भटका ठरवून पकडायचे, दंड करायचा आणि दंडाच्या फेडीसाठी मजुरीला जुंपायचे.
सोलापूरचा इतिहास वाचलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. तेथे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींची वसाहत होती. लोक तिला ‘सेटलमेंट’ म्हणत. तारेचे कुंपण, हजेरी आणि कापड गिरण्यांतील काम. फिरणाऱ्याला ‘स्थिर’ करण्याच्या नावाखाली गिरण्यांना मजूर मिळाले. पूर्वग्रह हा केवळ मनाचा आजार नसतो, त्याचा हिशेबही असतो.

१७/
सुधारणेची भाषाही याच चौकटीत बोलली जात होती. मुंबई सरकारने १९२८मध्ये मागास समाजांच्या स्थितीविषयी एक समिती नेमली. अध्यक्ष होते ओ. एच. बी. स्टार्ट, जे गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचा कारभार पाहणारे अधिकारी होते. सदस्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्करबाप्पा होते. १९३०च्या अहवालाने मागासवर्गांची तीन गटांत मांडणी केली : अस्पृश्य वर्ग, आदिवासी व डोंगरी जमाती आणि इतर मागास वर्ग. आजच्या आरक्षणाच्या चर्चेतील वर्गवारीची बीजे येथे सापडतात. पहारा करणारी आणि कल्याण करणारी यंत्रणा अशी एकमेकींत मिसळलेली होती.
विरोधही होत होता. १९३६मध्ये नेल्लोर येथे पंडित नेहरूंनी या कायद्याचा तीव्र निषेध केला होता. कोणतीही जमात जन्मतः गुन्हेगार ठरवता येत नाही, ही त्यांची भूमिका होती.

१८/
स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९मध्ये कायदा रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी केंद्रीय कायदा संपला. वाशीम तेव्हा मध्य प्रदेशात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला.
पण जुन्या कायद्याची जागा रिकामी राहिली नाही. राज्याराज्यांत ‘सराईत गुन्हेगार’ कायदे झाले, मुंबई राज्याचा १९५९चा. शब्दांत आता जमात नव्हती, व्यक्ती होती. इंग्लंडात १८६९मध्ये जे होते ते आपल्याकडे नव्वद वर्षांनी आले, असे कोणी म्हणेल. परंतु ठाण्यातील नोंदवह्या त्याच होत्या आणि नजरही तीच. चोरी झाली की आधी पारधी बेड्यावर धाड, ही वऱ्हाडातील सवय कायद्याच्या मृत्यूने मेली नाही.

१९/
येथे एक आक्षेप येईल. याच समाजातील वसंतराव नाईक ५ डिसेंबर १९६३पासून फेब्रुवारी १९७५पर्यंत मुख्यमंत्री होते. पुसद तालुक्यातील गहुली तांड्यात जन्मलेला हा माणूस राज्याच्या सर्वोच्च पदावर अकरा वर्षे राहिला. मग भेदभाव उरला कोठे?
हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. नाईकांचे कर्तृत्व हे रक्तसिद्धान्ताला मिळालेले सर्वांत ठोस उत्तर आहे. पण एक माणूस यादी ओलांडून गेला म्हणून यादी नाहीशी होत नाही. नेतृत्वाने प्रतिष्ठा मिळते. ठाण्यातील वही त्याने आपोआप मिटत नाही. विशेषतः ज्यांच्यात कोणी नाईक झाले नाही, त्या पारधी, कैकाडी, वडारांची तर नाहीच.

२०/
आता पुन्हा यात्रेतील तीन भाविकांकडे येऊ. राज्यघटनेनंतर प्रत्येक राज्याने आपापल्या जुन्या कागदांवरून याद्या केल्या. हैदराबाद संस्थानाचा तेलंगणाकडील बंजारा १९७६च्या दुरुस्ती कायद्याने अनुसूचित जमातीत गेला. तेच संस्थान, पण मराठवाड्याकडील बंजारा महाराष्ट्रात आला आणि विमुक्त जातीत राहिला. महाराष्ट्रात विमुक्त जाती १४, त्यांना आरक्षण ३ टक्के. केंद्राच्या लेखी मात्र हेच लोक इतर मागासवर्गीय. पारध्यांची तऱ्हा याहून चमत्कारिक : फासेपारधी अनुसूचित जमातीत आणि राजपारधी, पालपारधी विमुक्त जातीत.
सप्टेंबर २०२५मध्ये मराठा आरक्षणासाठी हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला. त्यानंतर बंजारा समाजानेही त्याच आधारावर अनुसूचित जमातीचा दर्जा मागितला आणि आदिवासी संघटनांनी त्याला विरोध केला. मागणी योग्य की अयोग्य, हा येथे माझा विषय नाही. दोन वंचित समाज एका जुन्या गॅझेटिअरवरून समोरासमोर उभे राहतात, एवढे मात्र नोंदवले पाहिजे.

२१/
याहून टोचणारी गोष्ट जात प्रमाणपत्राची. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी मानीव दिनांक २१ नोव्हेंबर १९६१ हा आहे. आपले कुटुंब त्या दिवशी या राज्याचे रहिवासी होते, हे दाखवावे लागते. पुरावा म्हणून शाळेचा दाखला, जन्ममृत्यूची कोतवाल बुकातील नोंद, जमिनीचा कागद.
ज्यांना गुन्हेगार मानले ते एका जागी राहत नाहीत म्हणून, त्यांनीच आता एका जागी राहत असल्याचा साठ वर्षांपूर्वीचा कागद आणायचा. आजोबा शाळेत गेले नाहीत, नावावर जमीन नव्हती, गावाच्या दप्तरात नोंद नाही. ज्या सरकारी वहीत अशा माणसांचे नाव हटकून असे ती ठाण्याची वही, आणि नेमकी तीच वही दाखला म्हणून कोणी अभिमानाने पुढे करणार नाही.

२२/
शेवटी अलीकडचे दोन दिवस. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांच्या नियमावल्यांत कामे जातीनुसार वाटली जात होती आणि विमुक्त जमातींच्या लोकांना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदीही होत्या. न्यायालयाने त्या घटनाबाह्य ठरवल्या. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे झाली होती आणि त्याची भाषा अजून नियमावल्यांत जिवंत होती.
त्यानंतर दोनच दिवसांनी, ५ ऑक्टोबरला, पंतप्रधानांच्या हस्ते पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. एका निकालात समाजावरील डागाची नोंद आणि एका वास्तूत त्याच्या वारशाची, एकाच आठवड्यात.

२३/
या सर्वांतून इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपण काय घ्यावे?
स्टीफन यांचा विचार आज कोणी उघडपणे मांडत नाही. नाकाची मोजपट्टी हास्यास्पद वाटते. पण विचार मरतो तेव्हा त्याचा कागद मरत नाही. पूर्वग्रह आधी माणसाच्या मनात असतो, मग टिपणात जातो, टिपणातून गॅझेटिअरमध्ये, तेथून कायद्यात, कायद्यातून नोंदवहीत आणि शेवटी नियमावलीच्या अशा एका ओळीत जाऊन बसतो, जिचा जनक कोण हे ती वाचणाऱ्या कारकुनालाही ठाऊक नसते. त्या कारकुनाच्या मनात द्वेष असण्याची गरजच उरत नाही.
रूढिवादी राजकारणाची खरी ताकद भाषणांत नसते. जे आहे ते तसेच चालू ठेवण्यात असते.

२४/
म्हणून एक विनंती. आपल्या जिल्ह्याचे जुने गॅझेटिअर किंवा जातिजमातींवरील एखादा खंड उघडाल, तेव्हा मजकुराआधी एक गोष्ट पाहा : ही माहिती मुळात गोळा कोणी केली, आणि कोणत्या कामासाठी? तो माणूस कर वसूल करणारा होता, धर्मप्रसारक होता, की फौजदार? ती साधने टाकून द्यायची नाहीत. त्यांच्यावाचून आपल्याला वऱ्हाडचा इतिहास लिहिता येणार नाही. पण ती वाचताना लिहिणाऱ्याची खुर्ची नजरेआड होऊ देऊ नये.
आणि गावात चोरी झाली की पहिले नाव कोणाचे घेतले जाते, हेही एकदा ऐकून पाहा. १८७१ फार दूर गेलेले नाही.

२५/
थ्रेड येथे संपतो. आपल्या भागातील तांडा, बेडा किंवा जुन्या ‘सेटलमेंट’विषयी घरातील वडीलधाऱ्यांच्या काही आठवणी असतील तर जरूर लिहून ठेवा, कारण पोलिसाच्या टिपणाला उत्तर देणारे दुसरे दफ्तर आपल्याकडे तेवढेच आहे. तपशिलात चूक आढळल्यास अवश्य सांगावे, दुरुस्ती करीन. पुढील थ्रेड : वऱ्हाडचा कापूस आणि अमेरिकेतील यादवी युद्ध.